एका माणसाचा वाद्यवृंद

लोहा तालुक्यातील माळेगावच्या यात्रेत वाघ्या-मुरळीची गाणी आपण ऐकली असतील. एकाच्या हातात तुणतुणे, दुसऱ्याच्या हातात दिमडी, मुरळीच्या हातात घोळ. इतके हात जमतील तेव्हा गाणे रंगते. आता ही सारी वाद्ये एकट्याने वाजविली, आणि वर गायलाही तोच, असे कोणी सांगितले तर आपण म्हणू, "काहीतरीच काय!" पण शेजारच्या गोव्यात एका संगीतकाराने हे करून दाखविले आहे. त्यांचे नाव रेमो फर्नांडिस.

रेमो यांचा जन्म 8 मे 1953 रोजी पणजीला झाला. त्या वेळी गोव्यावर पोर्तुगीजांचे राज्य होते. ते डिसेंबर 1961 मध्ये संपले. आपल्याकडे घरोघर टाळ-मृदंग, तसे तिकडे गिटार आणि व्हायोलिन. लहानपणीच रेमोंच्या कानावर परदेशी 'रॉक' संगीत पडले. विजेवर चालणारी गिटार, ड्रमचा जोरकस ठेका आणि मोकळ्या गळ्याचे गाणे, असा त्या संगीताचा थाट असतो. पुढे त्यांनी मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकलेचे शिक्षण घेतले. पण जीव संगीतातच अडकलेला. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते युरोपात आणि उत्तर आफ्रिकेत हिंडले, तिथे गायले, वाजविले. मग मुंबई नाही, पॅरिस नाही, थेट बार्देश तालुक्यातील आपल्या शिवोली गावी परतले.

तेथे घरीच 1984 साली त्यांनी 'गोवन क्रेझी' ही ध्वनिफीत केली. गीते त्यांची, चाली त्यांच्या, वाद्ये आणि आवाजही त्यांचेच. वेष्टनावरचे चित्रसुद्धा त्यांनीच काढले.

हे जमले कसे? आपल्या ओळखीच्या कॅसेटच्या फितीवर आवाजाचे चार बारीक पट्टे असतात. नेहमीच्या यंत्रात एका बाजूचे दोन आणि उलटल्यावर दुसऱ्या बाजूचे दोन वाजतात. रेमोंचे यंत्र चारही पट्टे एकाच दिशेने, पण वेगवेगळे भरणारे होते. पहिल्या पट्ट्यावर ठेका भरायचा. तो कानाला लावून ऐकत दुसऱ्यावर गिटार, मग तिसऱ्यावर बासरी. हे तीन एकत्र करून चौथ्यावर उतरविले, की पहिले तीन पुन्हा मोकळे. मात्र एकदा मिसळलेले आवाज परत वेगळे करता येत नाहीत, आणि दर वेळी थोडी खरखर वाढते. म्हणून आधीच सगळे गाणे डोक्यात पक्के हवे. यंत्र हाताशी असले तरी मेहनत चुकत नाही, ती ही अशी.

फिती तयार झाल्या, त्या विकायच्या कोणी? रेमो स्वतः स्कूटरवर दुकानोदुकानी त्या पोचवीत. गाणी इंग्रजी, पण विषय गोव्याच्या माणसांचे. 1986 सालच्या 'पॅक दॅट स्मॅक'मध्ये त्यांनी तरुणांना अमली पदार्थांपासून सावध केले. सिनेमानेही त्यांना बोलाविले. 1985 च्या 'त्रिकाल'मध्ये ते गायले आणि पडद्यावरही दिसले; 1987 च्या 'जलवा'चे शीर्षकगीत आणि 1995 च्या हिंदी 'बॉम्बे'मधील 'हम्मा हम्मा' त्यांच्याच आवाजात घरोघर पोचले. 2007 साली भारत सरकारने त्यांना पद्मश्री दिली.

कोणी विचारील, हे वाद्य परके, ही तऱ्हा परकी, आपल्याला त्याचे काय? अहो, नांदेड-लातूरकडच्या भजनात वाजणारी पेटी तरी कुठली? एकोणिसाव्या शतकात ती युरोपातून आली, आणि आज तिच्यावाचून भजन सुने वाटते. वाद्य कोठून आले यापेक्षा त्यातून कोणाचे सुखदुःख बोलते, हे महत्त्वाचे. रेमोंच्या गिटारीतून त्यांचा गोवा बोलला, म्हणून ती त्यांची झाली.

शिक्षकबंधू-भगिनींनो, ज्या सोयीसाठी रेमोंना खास यंत्र लागले, ती आज साध्या मोबाइलमध्येही मिळते. चार मुले निवडा. एकाची ढोलकी आधी भरा, मग दुसऱ्याची पेटी, मग इतरांचा गळा. गाणे मात्र आपल्या गावचे घ्या: पेरणीचे, जात्यावरचे, किंवा मुलांनीच रचलेले. आपला आवाज जगाला ऐकविण्यासाठी आधी शहर गाठावे लागते, असा समज खेड्यातल्या मुलांच्या मनात लवकर रुजतो. तो रुजण्याआधी शिवोलीच्या त्या घराची गोष्ट त्यांना सांगावी.