तारीख कुणाच्या वहीत?

माझी धाकटी जाऊ दौंड तालुक्यातल्या राहूला असते. ऊस आणि गुऱ्हाळांचा हा भाग. तिथल्या चार बचत गटांनी मिळून एक खोली घेतलीय. दोन जुने कॉम्प्युटर, एक कपाट, भिंतीवर 'कालनिर्णय'. बैठका, हप्ते, बँकेच्या तारखा, सगळं त्या चौकोनांत कोंबलेलं. बाकीचं ज्याच्या त्याच्या वहीत.

गेल्या दिवाळीत तसंच झालं. कर्जाच्या फाइलवर सह्या करायला बँकेत जायची तारीख एकीच्या वहीत होती आणि वही गेली तिच्याबरोबर माहेरी! कर्ज महिनाभर पुढे गेलं. जिने गाभण म्हैस ठरवली होती, तिची म्हैस दुसऱ्याच्या दावणीला. ‘‘ताई, चूक कुणाचीच नाही हो, पण दोघी अजून एकमेकींशी बोलत नाहीत,’’ जाऊ म्हणाली.

सगळ्यांच्या मोबाइलवर एकच कॅलेंडर हवं, हे तर उघडच. बड्या कंपन्यांची फुकटातली कॅलेंडरं आहेत आणि ती चालतातही छान. पण जाऊच्या मनात वेगळंच. कुठल्या दिवशी कुणाकडे हप्त्याची रोकड असते, कोण दवाखान्यात जाणार, हे सगळं दुसऱ्याच्या ओसरीवरच्या फळ्यावर का लिहायचं? मला तिचं पटलं.

इंग्रजीत एकाच शब्दात दोन अर्थ अडकलेत, आपल्याकडे मात्र 'फुकट' वेगळं आणि 'मुक्त' वेगळं. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली ती या दुसऱ्या अर्थाने. वापरा, आतून बघा, बदला, शेजारणीला द्या. उसन्या विरजणासारखंच की! कॅलेंडरांची आपसातली भाषाही ठरलेली आहे. नोंदी लिहायची पद्धत १९९८ मध्ये ठरली, त्या सर्व्हरवरून वाटून घ्यायची २००७ मध्ये. म्हणून एकीचं अॅप वेगळं असलं तरी अडत नाही.

भाच्याने सुट्टीत येऊन एका जुन्या कॉम्प्युटरवर 'रॅडिकेल' बसवलं. अगदी छोटा प्रोग्रॅम, नोंदी साध्या फाइलींत ठेवतो, त्यामुळे पेन ड्राइव्हवर उतरवल्या की झाली सोय. दुसऱ्या कॉम्प्युटरवर 'थंडरबर्ड', मोबाइलवर 'डॅव्हएक्स-फाइव्ह' आणि 'इटार'. (डॅव्हएक्स-फाइव्ह 'एफ-ड्रॉइड'वरून घेतलं तर पैसे पडत नाहीत.) मोठ्या ऑफिसला 'नेक्स्टक्लाउड' बरं, पण ते सांभाळायला जाणतं माणूस लागतं.

लाइट गेली तर? नोंदी मोबाइलवर उतरलेल्या असतात. मात्र हा कॉम्प्युटर फक्त खोलीतल्या वाय-फायवरच भेटतो. घरी केलेली नोंद बाईने ऑफिसात पाऊल टाकल्यावरच इतरांना पोचते. एकदा त्यावरूनही घोटाळा झाला. शिवाय एकादशी, चतुर्थी यात आपोआप येत नाहीत, हाताने भरायच्या. म्हणून 'कालनिर्णय' अजून भिंतीवर आहेच. १९७३ पासूनची सवय, अशी थोडीच सुटणार!

परवा फोन केला तर जाऊ घाईत. ‘‘ताई, नंतर बोलते. अकराला बँक आहे, पाचहीजणींचे फोन एकदम वाजले!’’ मागून दोघींच्या हसण्याचा आवाज आला. त्याच दोघी होत्या का, विचारायचं राहिलं.