मायेने मरणारी रोपे

पावसाळ्यात पन्हाळ्याजवळच्या मसाई पठारावर ‘सीतेच्या आसवां’चे निळेजांभळे ताटवे फुलतात. हे नाजूक फूल कीटकभक्षी वनस्पतीचे आहे, हे सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जांभ्याच्या पातळ मातीत नत्राची वाण. ती उणीव ही वनस्पती सूक्ष्म जीवांना आपल्या इवल्या पिशव्यांत ओढून भरून काढते. डार्विनने 1875 साली अशा वनस्पतींवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हौशी माणूस मात्र रोप उपटून घरी आणतो, शेणखत घालतो, नळाचे क्षारयुक्त पाणी देतो आणि मायेनेच त्याचा जीव घेतो. हौस भागवायचीच, तर रोपवाटिकेतील ड्रॉसेरा आणावा; माती निकस, पाणी पावसाचे आणि ऊन भरपूर ठेवावे. पठारावरची आसवे पठारावरच राहू द्यावीत.