धूर टळला, पण तेलाचे काय?
गेल्या लेखांकात गांजाच्या धुरात काय काय असते ते आपण पाहिले. ते वाचून सुचणारा साधा उपाय म्हणजे गांजा जाळायचाच नाही, नुसता तापवायचा. टीएचसी हा त्यातला नशा आणणारा घटक साधारण १८० ते २२० अंश सेल्सिअसला वाफ होऊन सुटतो. चिलमीतला निखारा याच्या कितीतरी पट तापलेला असतो. टार आणि कार्बन मोनॉक्साइड जळण्यातून निर्माण होतात, तेव्हा जळणे टळले की तेही बरेचसे टळावेत. हा तर्क प्रयोगातही टिकला. सॅन फ्रान्सिस्कोचे डॉ. डोनाल्ड अब्राम्स यांच्या २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात १८ जणांनी कधी धूर, तर कधी वाफ ओढली. रक्तात टीएचसी जवळपास सारखाच उतरला. उच्छ्वासातला कार्बन मोनॉक्साइड मात्र वाफेच्या वेळी खूपच कमी होता.

पण तिथे तापवला होता सुका गांजा, आणि तोही तापमान नेमके राखणाऱ्या टेबलावरच्या यंत्रात. आज अमेरिकेत व्हेप म्हणून सर्रास खपते ते तेलाचे कार्ट्रिज: गांजाचा घट्ट अर्क, धातूची कॉइल आणि बॅटरी. वाफेच्या बाजूने बोलणारे पहिल्याचा पुरावा दुसऱ्याला लावतात, आणि माझा आक्षेप नेमका इथे आहे. तेलात अर्काबरोबर आणखी काय मिसळले आहे, कॉइल किती तापते, तिच्यातून शिसे-निकेल सुटते का, या प्रश्नांना सुक्या गांजाचा प्रयोग उत्तर देऊ शकत नाही. तेल पातळ करायला काही जण वापरत असलेले पॉलिइथिलीन ग्लायकॉल जास्त तापले की त्यातून फॉर्माल्डिहाइड बनते. म्हणजे काहीही न जाळता विषारी वायू तयार होतो.

तेलात काय मिसळले आहे हे माहीत नसण्याची २०१९ मध्ये फार मोठी किंमत मोजावी लागली. व्हेप ओढणारी, बहुतांशी तरुण माणसे धाप लागून अमेरिकेतल्या रुग्णालयांत येऊ लागली. १८ फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली, त्यांतले ६८ दगावले. ५१ रुग्णांच्या फुप्फुसांतला द्राव तपासला, तेव्हा ४८ जणांत व्हिटॅमिन ई ॲसिटेट सापडले. तुलनेसाठी घेतलेल्या ९९ निरोगी लोकांपैकी एकातही ते नव्हते. हे द्रव्य त्वचेला लावतात, गोळीतून पोटातही घेतात. गिऱ्हाईक कार्ट्रिज उलटे करून आतला बुडबुडा किती सावकाश चढतो यावरून तेलाचा कस ठरवत असे, म्हणून भेसळ करणाऱ्यांनी तेवढेच दाट आणि तसेच दिसणारे हे द्रव्य निवडले. पोटाला चालणारी वस्तू फुप्फुसाला चालेलच असे नाही, हे इतकी माणसे आजारी पडल्यावर कळले.

यावर म्हणतात की दोष काळ्या बाजाराचा, वाफेचा नव्हे. त्यात बरेच तथ्य आहे: माल कुठून घेतला हे सांगणाऱ्या रुग्णांपैकी ७८ टक्क्यांनी तो केवळ ओळखीपाळखीतून किंवा चोरट्या विक्रेत्यांकडून घेतला होता. पण १६ टक्क्यांनी फक्त दुकानांतून घेतल्याचे सांगितले, आणि रंग-दाटपणा पाहून भेसळ ओळखता येत नाही ही अडचण दोघांनाही सारखीच. दुसरे म्हणणे असे की काही झाले तरी धूर अधिक वाईटच. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या २०१७ च्या अहवालानुसार गांजाच्या धुराचा जुनाट खोकला आणि कफाशी ठोस संबंध दिसतो, फुप्फुसाच्या कर्करोगाशी मात्र आढळलेला नाही. रोज ओढणाऱ्याचा खोकला कमी होणार असेल तर ते थोडे नाही, हे मी मान्य करतो. तेवढ्यासाठी काय मिसळले आहे हे माहीत नसलेले तेल छातीत घेणे मात्र मला पटत नाही. शिवाय वाफ सौम्य असते हाही गैरसमज आहे. जॉन्स हॉपकिन्सच्या २०१८ च्या अभ्यासात अधूनमधून गांजा घेणाऱ्या १७ जणांना तेवढ्याच मात्रेची नशा धुरापेक्षा वाफेतून जास्त चढली.

भारतात २०१९ च्या कायद्याने ई-सिगारेटच्या विक्रीवरच बंदी आहे, म्हणून इथे चोरून मिळणाऱ्या कार्ट्रिजची तपासणी कुणीही केलेली नसते. मुलगा किंवा मुलगी अमेरिकेत शिकत असेल, तर निदान सुका गांजा तापवणे आणि तेलाचे कार्ट्रिज ओढणे यांतला फरक त्यांच्या कानावर घाला. आजारासाठी ज्यांना कायद्याने गांजा मिळतो, त्यांनी सुका गांजा तापवणारे, तापमान राखणारे यंत्र किंवा पोटात घ्यायचे औषध याबद्दल डॉक्टरांना विचारावे. तेलाचे कार्ट्रिज धुराला सुरक्षित पर्याय आहे, असे म्हणण्याइतका पुरावा आज नाही.