२०२४-२५ मध्ये वर्गात रमलेले चार पट : सापशिडी, चल्लस आठ, वाघ-बकरी आणि व्यापार



२०२४-२५ हे शैक्षणिक वर्ष संपलं तेव्हा वर्गाच्या कपाटात पाठकोऱ्या पुठ्ठ्यांचे बरेच पट साठले होते. काही फाटलेले, काही खडूच्या धुळीने पांढरे झालेले. वर्षभर शनिवारच्या सकाळच्या शाळेत आणि आठवड्यातून एक-दोन गणिताच्या तासांना आम्ही ते वापरले. आमची शाळा लहान, वर्ग एकत्र बसणारे. त्यामुळे दुसरीचं मूल आणि चौथीचं मूल एकाच पटाभोवती बसायचं. त्यातले चार खेळ मुलांना सगळ्यात जास्त आवडले. प्रत्येक खेळातून नेमकं काय शिकता येतं आणि कुठे अडतं, ते या लेखात मांडते.

आधी एक प्रश्न. पालकसभेत तो दरवर्षी येतो. "बाई, शाळेत सोंगट्या खेळवता, मग अभ्यास कधी?" प्रश्न रास्त आहे. नुसता पट मांडला आणि मुलांना बसवून दिलं तर तो वेळ घालवणंच आहे. पण खेळताना मूल काय बोलतं, कसं मोजतं, कुठे थांबतं याकडे शिक्षकाचं लक्ष असेल, तर ज्या चुका वहीत महिनाभर दिसत नाहीत त्या पटावर दहा मिनिटांत दिसतात.

१) सापशिडी

हा खेळ आपल्याकडचाच. जुन्या काळी त्याला मोक्षपट किंवा ज्ञानचौपट म्हणत. शिड्या म्हणजे सद्गुण, साप म्हणजे दुर्गुण, आणि शेवटचं घर मोक्षाचं. महाराष्ट्रात परंपरेने मोक्षपटाचं श्रेय संत ज्ञानेश्वरांना दिलं जातं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हा खेळ इंग्लंडला गेला आणि तिथून छापील रूपात परत आपल्याकडे आला.

दुसरीच्या मुलांची पहिली अडचण अशी की, ज्या घरावर सोंगटी उभी आहे तेच घर ते "एक" म्हणून मोजतात. फाशावर ४ पडले की सोंगटी तीनच घरं पुढे जाते. हीच चूक पुढे संख्यारेषेवर होते आणि बेरीज एकाने कमी येते. यावर आम्ही एक वाक्य ठरवलं : "घर मोजायचं नाही, उडी मोजायची." बोटाने उडी मारून दाखवली की मुलांना ते लगेच कळतं.

दुसरी अडचण आपल्या मराठी संख्यानामांची. ४७ म्हणजे सत्तेचाळीस. ऐकू येतं आधी सात, मग चाळीस. मूल ऐकतं त्याच क्रमाने लिहितं आणि ७४ होतात. २०१९ मध्ये दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात "वीस एक, वीस दोन" अशी वाचनाची पद्धत आली तेव्हा केवढी चर्चा झाली होती ते आठवत असेलच. त्या चर्चेचं मूळ हीच अडचण होती. सापशिडीत आम्ही नियम केला की सोंगटी हलवण्याआधी पोहोचायचं घर मोठ्याने सांगायचं. "मी सत्तेचाळीसवर, पाच पडले, बावन्नला जाणार." चुकीच्या घरात सोंगटी गेली तर समोरचा लगेच पकडतो. बाईंनी लाल पेनाने चूक काढण्यापेक्षा मैत्रिणीने "अगं, ते चौऱ्याहत्तर आहे!" म्हणणं मुलांना जास्त पटतं.

आता एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट. बाजारातल्या पटावर आकडे नागमोडी जातात. पहिली ओळ डावीकडून उजवीकडे, दुसरी उजवीकडून डावीकडे. त्यामुळे १४ च्या बरोबर वर २४ न येता २७ येतात. दहा मिळवल्यावर काय होतं हे अशा पटावर दिसतच नाही. म्हणून वर्षाच्या उत्तरार्धात आम्ही पुठ्ठ्यावर स्वतःचा पट केला. त्यात प्रत्येक ओळ डावीकडूनच सुरू. आता १४ च्या वर २४, त्यावर ३४. सरळ उभी शिडी म्हणजे दहाची उडी, दोन ओळी चढणारी सरळ शिडी म्हणजे वीसची. शिडी चढताना "किती मिळवले?" आणि साप गिळला की "किती वजा झाले?" एवढं विचारलं तरी पुरतं.

२) चल्लस आठ

हा खेळ मुलांच्या आज्यांना माहीत आहे, आईंना अर्धवट आठवतो आणि मुलांना बहुतेक नवाच असतो. आंध्र-तेलंगणात याला अष्टा चम्मा म्हणतात, कर्नाटकात चौकाबारा. साहित्य शून्य खर्चाचं. फरशीवर खडूने ५ × ५ चा चौकोन, मधल्या घरात आणि चारही कडांच्या मधल्या घरात फुली. चार कवड्या, किंवा एका बाजूने घासून पांढरे केलेले चार चिंचोके. सोंगट्यांसाठी खडे, बांगडीचे तुकडे, बिया, काहीही.

चारांपैकी जितक्या कवड्या उताण्या, तितकं दान. चारही उताण्या पडल्या की चल्लस म्हणजे चार, चारही पालथ्या पडल्या की आठ. या दोन्ही दानांना पुन्हा खेळायला मिळतं. सोंगटी आपल्या फुलीवरून निघते, बाहेरची फेरी करते, मग उलट्या दिशेने आतली फेरी करून मधल्या घरात जाते. फुलीवर सोंगटी मारता येत नाही. गावोगावी नियमांत फरक असतो. आमच्याकडे एका आजीने वर्गात येऊन तिच्या माहेरचे नियम शिकवले आणि तेच वर्षभर चालले.

मोजून पाहा : बाहेरच्या फेरीत १६ घरं, आतल्या फेरीत ८, मधलं १, एकूण २५. म्हणजे सुरुवातीच्या फुलीपासून मधल्या घरापर्यंत २४ पावलं. "२४ पैकी १७ झाली, किती उरली? ती कोणकोणत्या दानांनी पुरी होतील?" असा प्रश्न मुलं आपणहून एकमेकांना विचारायला लागतात, कारण शेवटचं घर नेमक्या दानानेच मिळतं.

चौथीसाठी यात आणखी एक पाठ दडलेला आहे. दान टाकत जायचं आणि फळ्यावर १, २, ३, ४, ८ यांच्या पुढे उभ्या रेघा मारत जायच्या. शेवटी स्तंभालेख काढायचा. चार कवड्या पडण्याचे एकूण १६ प्रकार होतात. त्यांत १ चे ४, २ चे ६, ३ चे ४, आणि चल्लस व आठ यांचा एकेकच. म्हणून त्या दोन दानांना मान. कवडी दोन्ही बाजूंना अगदी सारखी पडत नाही, चिंचोका तर नाहीच, त्यामुळे वर्गातला आलेख या हिशोबाशी तंतोतंत जुळत नाही. तो का जुळत नाही यावरची चर्चाच खरा पाठ.

३) वाघ-बकरी

यात फासा नाही, कवडी नाही, नशीब नाही. महाराष्ट्रातल्या अनेक लेण्यांच्या फरशांवर आणि ओट्यांवर जुने पट कोरलेले सापडतात. त्यामुळे सहलीला गेलात तर मुलांना खाली बघायलाही सांगा. आम्ही खेळलो तो २५ बिंदूंचा प्रकार. नेपाळात तो बाघचाल नावाने प्रसिद्ध आहे. चार कोपऱ्यांवर चार वाघ, हातात २० बकऱ्या. बकरी एकेक करून मांडायची, सगळ्या मांडून झाल्याशिवाय हलवायची नाही. वाघ पहिल्यापासून हलतो. रेषेत शेजारी बकरी असेल आणि तिच्यापलीकडचा बिंदू रिकामा असेल, तर तिच्यावरून उडी मारून तिला खातो. पाच बकऱ्या खाल्ल्या की वाघ जिंकला, चारही वाघ कोंडले की बकऱ्या जिंकल्या.

सुरुवातीला सगळ्यांना वाघ व्हायचं असतं. हळूहळू लक्षात येतं की बकऱ्यांनी पाठीला पाठ लावून, मागे मोकळी जागा न ठेवता उभं राहिलं तर वाघाचं काही चालत नाही. आमच्या वर्गातली वाचनात मागे असलेली एक मुलगी या खेळात सगळ्यांच्या पुढे निघाली. तिच्याशी बकरी होऊन खेळणारा जोडीदार मिळावा म्हणून मुलं रांग लावायची. वर्गात "तिला काही येत नाही" असा एक न बोललेला शिक्का बसलेला असतो. तो असा पुसला जातो.

इथे गणितापेक्षा भाषेचा फायदा जास्त झाला. प्रत्येक चालीनंतर एकच प्रश्न : "बकरी इथेच का ठेवलीस?" उत्तर "कारण..." ने सुरू झालं पाहिजे. "कारण वाघ इकडे आला तर त्याला पलीकडे जागा उरणार नाही." जर-तर, कारण, म्हणून ही वाक्यरचना व्याकरणाच्या तासाला जितकी ओढून-ताणून येते, तितकी इथे सहज येते.

४) व्यापार

चौथीच्या मुलांचा सगळ्यात लाडका. त्याचं मूळ अमेरिकेत. एलिझाबेथ मॅगी या बाईंनी १९०४ मध्ये जमीनदारीच्या खेळाचं पेटंट घेतलं. जमीन थोड्यांच्या हाती गेली की बाकीचे कसे भाड्यात पिचतात, हे लोकांना दाखवणं हा त्यांचा हेतू होता. पुढे १९३५ मध्ये मोनोपॉली बाजारात आला आणि त्यात श्रीमंत होणं हेच उद्दिष्ट राहिलं. आपला व्यापार त्याच कुळातला.

आम्ही शहरांऐवजी आसपासच्या गावांची नावं घातली आणि नोटा मुलांनीच कापल्या. बँक सांभाळणाऱ्याला सुट्टे देण्याचा इतका सराव होतो की वेगळी गणितं घालावी लागत नाहीत. अडचण एकच, खेळ लांबतो आणि दिवाळं निघालेलं मूल नुसतं बसून राहतं. म्हणून ४० मिनिटं झाली की थांबायचं आणि प्रत्येकाने रोकड अधिक जमिनीची किंमत अशी मालमत्ता मांडायची. एकदा एक मुलगा म्हणाला, "ज्याची जमीन आधी, तोच जिंकतो बाई." मॅगीबाईंना जे सांगायचं होतं ते चौथीतल्या पोराने बरोबर पकडलं!

मोबाइलवरच्या लुडोचं काय?

लुडो म्हणजे आपल्या पचिसीचं इंग्रजी रूप, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये पेटंट घेतलेलं. आज तो घरोघरी मोबाइलवर आहे. पण मोबाइल फासा टाकतो, घरं मोजतो, सोंगटी पुढे नेतो, चुकीची चाल होऊच देत नाही. म्हणजे शिकण्याच्या बहुतेक गोष्टी मोबाइलच करून टाकतो. शिवाय समोर माणूस नसतो. त्यामुळे वाट पाहणं, नियमावरून भांडणं आणि ते भांडण मिटवणं यातलं काही घडत नाही. फासे म्हणजे जुगार, अशी काही आजोबांना धास्ती वाटते. त्यांना मी एवढंच सांगते की पैसा लावला तर जुगार, आणि आमच्याकडे चिंचोकाही पणाला लागत नाही.

करून पाहण्यासाठी चार सूचना

* "ज्याचा अभ्यास झाला त्याने खेळावं" हा नियम नको. ज्या मुलाला पटाची सर्वात जास्त गरज असते, त्याचा अभ्यास कधीच आधी संपत नाही.
* हरल्यावर पट उधळणारी मुलं असतातच. त्यांना ओरडण्याऐवजी सुरुवातीला जोडीने खेळवा. आमचा नियम असा की पट आवरायचं काम जिंकणाऱ्याचं. हरलेल्याने आधी पाणी पिऊन यावं.
* पालकांनो, मुलाला मुद्दाम जिंकवू नका. ते त्याला कळतं. त्यापेक्षा फासा दोनदा टाकायची सवलत उघडपणे द्या.
* खेळानंतर पाच मिनिटं वहीत लिखाण हवंच. पटावर आलेली बेरीज कागदावर आपोआप उतरत नाही, ती उतरवून घ्यावी लागते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी जाल तेव्हा आजीला विचारा, तिच्या लहानपणी फरशीवर कोणता पट आखायचे. तिच्याकडून नियम नीट लिहून घ्या. जूनमध्ये शाळा उघडली की तोच आपला पहिला पट.