निद्रिस्त मंडलातील सूक्ष्म विद्युत् प्रवाहाचे मापन

विद्युत् घटावर चालणारे मायक्रोकंट्रोलरचे मंडल दिवसाचा बहुतेक काळ निद्रितावस्थेत असते. या अवस्थेतील प्रवाह अत्यल्प असला, तरी घटाचे आयुष्य बहुधा त्यावरच ठरते. अहिल्यानगर जिल्हा पर्जन्यछायेत येतो. तेथील सावेडीच्या एखाद्या बागेत जमिनीतील ओलावा नोंदविणारे उपकरण बसवावयाचे आहे, असे समजू. ते दर १० मिनिटांनी ०.१ सेकंद जागे होऊन ५ मिलिअँपिअर प्रवाह घेते आणि एरवी ५ मायक्रोअँपिअर घेते. जागृतीचा सरासरी वाटा केवळ ०.८३ मायक्रोअँपिअर भरतो. म्हणजे एकूण व्ययापैकी सुमारे ८६ टक्के व्यय निद्रेतच होतो. २२५ मिलिअँपिअर-तास धारणेचा सीआर २०३२ घट गणिताने ४.४ वर्षे पुरेल. परंतु ३ व्होल्ट दाबाशी १० किलोओहम रोधकाने जोडलेले एखादे टोक निद्रेत भूमीशी जोडलेले राहिले, तर ३०० मायक्रोअँपिअर अधिक वाहतील आणि तोच घट महिनाभरात संपेल. म्हणून हे मापन उपकरण शेतात नेण्यापूर्वीच झाले पाहिजे.

मापनातील मुख्य अडचण अशी की, मापकच मंडलात बदल घडवितो. मल्टिमीटरच्या मायक्रोअँपिअर श्रेणीत सामान्यतः १०० ओहमच्या आसपास रोध असतो. ५ मायक्रोअँपिअरला त्यावर अर्धा मिलिव्होल्ट दाब पडतो. तो नगण्य होय. मंडल जागे होताच मात्र ५ मिलिअँपिअरमुळे अर्धा व्होल्ट पडतो आणि मंडलाला २.५ व्होल्टच मिळतात. न्यूनदाब-संरक्षणाची मर्यादा २.७ व्होल्ट असल्यास मायक्रोकंट्रोलर पुनःपुन्हा आरंभापासून चालू होतो व निद्रेपर्यंत पोहोचतच नाही. अशा वेळी दिसणारा आकडा निद्रेचा नसतो.

यावर सोपा उपाय म्हणजे घट व मंडल यांमध्ये रोधक घालून त्याला समांतर स्विच जोडणे. जागृतीत स्विच बंद ठेवून रोधकाला बगल द्यावी. मंडल निद्रिस्त झाल्यावर तो उघडावा आणि रोधकावरील दाब मोजावा. आरंभी १०० ओहम वापरून प्रवाह खरोखर अल्प असल्याची खात्री करावी. नंतर १० किलोओहम घ्यावेत. ५ मायक्रोअँपिअरला त्यावर ५० मिलिव्होल्ट मिळतात व ते सहज वाचता येतात. मंडलात १०० मायक्रोफॅरडचे धारित्र असल्यास कालस्थिरांक १ सेकंद होतो. म्हणून निदान ५ सेकंद थांबूनच नोंद घ्यावी.

दुसरी पद्धत धारित्राची. मूल्य मोजून घेतलेले १००० मायक्रोफॅरडचे धारित्र ३ व्होल्टपर्यंत भारित करून घट अलग करावा व निद्रिस्त मंडल त्यावर चालू द्यावे. धारिता गुणिले दाबातील घट, भागिले काळ, म्हणजे प्रवाह. दाब ०.१ व्होल्टने उतरण्यास २० सेकंद लागले, तर प्रवाह ५ मायक्रोअँपिअर होय. परंतु विद्युत्-अपघटनी धारित्र स्वतःही गळते, आणि १० मेगओहमचा व्होल्टमापक ३ व्होल्टला ०.३ मायक्रोअँपिअर घेतो. म्हणून मंडल न जोडता तोच प्रयोग करावा व येणारा प्रवाह वजा करावा. दोन्ही पद्धतींची उत्तरे जुळली, तरच आकडा ग्राह्य मानावा.

आकडा अपेक्षेहून मोठा आल्यास कारणे क्रमाने तपासावीत. अ‍ॅटमेगा ३२८पी हा मायक्रोकंट्रोलर पूर्ण निद्रेत, ३ व्होल्टला, कालरक्षक चालू असताना सुमारे ४ मायक्रोअँपिअर आणि बंद असताना सुमारे ०.१ मायक्रोअँपिअर घेतो. ७८०५ सारखा दाबनियामक मात्र एकटाच काही मिलिअँपिअर घेतो. अधांतरी सोडलेली आदान टोके आणि सूचक दिवे यांचाही विचार करावा. कार्यक्रम भरण्याची तार जोडलेली राहिल्यास तिच्यातून मंडलाला चोरवाटेने प्रवाह मिळतो; ती मापनापूर्वी काढावी.

शेवटी तापमान. अर्धवाहकातील गळती स्थूलमानाने दर १० अंश सेल्सिअसला दुप्पट होते. उन्हाळ्यात सावेडीत पारा ४० अंशांजवळ जातो आणि उन्हातील बंद पेटीत त्याहूनही वर. प्रयोगशाळेत २५ अंशांना घेतलेला आकडा तेथे लागू पडेलच असे नाही. म्हणून ऊन पेटीइतक्या तापमानालाही मापन करावे, आणि घटाच्या आयुष्याचे गणित त्या आकड्यावर मांडावे.