टॉप फाइव्ह, व्हाया वाटूर फाटा

आमच्या ऑफिसात लंच ब्रेकला एकच टाइमपास. लिस्ट काढायची. बेस्ट मिसळ, वर्स्ट बॉस, काहीही. दिवाळीच्या सुटीआधी विषय निघाला पुरस्कार गाजवणाऱ्या मराठी सिनेमांचा आणि त्यांच्या दिग्दर्शकांचा. आपली लिस्ट तर तयारच होती!

नंबर वन अर्थातच चैतन्य ताम्हाणे. 'कोर्ट'ला २०१४ मध्ये व्हेनिसला पुरस्कार, मग राष्ट्रीय सुवर्णकमळ. पहिलाच सिनेमा आणि हे! पुढे 'द डिसायपल'साठी २०२० मध्ये व्हेनिसलाच पटकथेचा पुरस्कार. दोन नंबरला संदीप सावंत, 'श्वास'. 'श्यामची आई'नंतर पन्नासेक वर्षांनी मराठीला सुवर्णकमळ मिळालं ते याच्यामुळे. तीनवर परेश मोकाशींची 'हरिश्चंद्राची फॅक्टरी', कारण फाळक्यांची गोष्ट इतकी हसत सांगता येते हे आधी कुणाला सुचलंच नव्हतं. चारवर नागराज मंजुळे, 'फँड्री'. पाचवर उमेश कुलकर्णींचा 'देऊळ'.

"पण 'श्वास'ला ऑस्कर नॉमिनेशन होतं ना?" एकीने विचारलं. नव्हतं! हा घोळ सगळेच घालतात. 'श्वास' (२००४), 'फॅक्टरी' (२००९) आणि 'कोर्ट' (२०१५) हे तिन्ही भारताने पाठवले, पण शेवटच्या पाचात एकही पोचला नाही. तिथवर गेले ते 'मदर इंडिया', 'सलाम बॉम्बे' आणि आशुतोष गोवारीकरचा 'लगान'. 'श्वास'च्या टीमला तर तिकडच्या प्रचारासाठी लोकांकडून पैसे जमवावे लागले होते. अमेरिकेत सिनेमा दाखवत फिरायचं म्हणजे काय खर्च असतो, तुम्हीच विचार करा.

एवढं ज्ञान पाजळून मी गावी निघालो. जालन्यापर्यंत रात्रीची ट्रॅव्हल्स, तिथून मंठ्याकडे जाणारी एसटी आणि वाटूर फाट्याला उतरायचं. चुलतभाऊ गाडी घेऊन आला होता. टपरीवर चहा घेताना त्याला लिस्ट ऐकवली.

"दादा, 'फँड्री' चार नंबरला?"

मी समजावू लागलो. 'कोर्ट'ची मांडणी, कॅमेरा कसा हलतच नाही वगैरे. तो ऐकून घेत होता. मग म्हणाला, "त्यो शेवटचा दगड तुला लागला का न्हाई?"

ज्यांनी पाहिलाय त्यांना आठवेल. जब्याच्या घरचे डुक्कर पकडताहेत, वर्गातली पोरं बांधावर बसून खिदळताहेत आणि शेवटी जब्या दगड भिरकावतो तो थेट कॅमेऱ्यावर. म्हणजे आपल्यावर. मी तो पुण्यात मल्टिप्लेक्सला पाहिला होता. लाइट लागल्यावर लोकांनी टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. बाहेर आल्यावर 'काय शॉट आहे!' म्हणालो. भावाने तो मोबाइलवर पाहिला होता, एकट्याने.

आमच्या वर्गातही एक जब्या होता. सहावीत. त्याला आम्ही कोणत्या नावाने हाक मारायचो ते इथे छापण्यासारखं नाही. ते नाव मी ठेवलं होतं. भावाला हे माहीत होतं, कारण तो आमच्याच मागे दोन वर्षं होता. पुण्यातल्या त्या एसी थिएटरात मला हे आठवलंच नव्हतं. कमाल आहे ना? मी स्वतःला जब्याच्या बाजूचा समजत होतो.

"असतो कुठं तो आता?" मी विचारलं.

भावाने मान वळवून दाखवलं. रस्त्यापलीकडे एक जण ट्रॅक्टरचं चाक खोलत होता. केस पांढरे व्हायला लागलेले. त्याने वर बघितलं, जरा निरखलं आणि फडक्याला हात पुसत आमच्याकडेच आला.

"कधी आलास?"

"आत्ताच," मी म्हणालो. पुढे काही सुचेना. त्याने पोरगं काय करतं, सुटी किती दिवस, एवढं विचारलं. मला माफी मागायची होती, पण टपरीवर चार लोकांत कुठून सुरुवात करणार? उगाच पावसाबद्दल बोललो. चहाचे पैसे द्यायला खिशात हात घातला, तर टपरीवाला म्हणाला, त्यांनी दिले.

सोमवारी ऑफिसात लिस्ट बदलून पाठवली. ताम्हाणे फॅन्स अजून भांडताहेत.