मागचा पाय आधी

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात तान्हा पोळा भरतो. मुलं लाकडी बैल सजवतात आणि दोरीने ओढत मिरवतात. त्या बैलांच्या पायांखाली चाकं असतात. नागपुरातल्या एका शाळेत सातवी-आठवीतली मुलं यंदा चाकं काढून पायांनी चालणारा बैल करताहेत, असं कानावर आलं आणि मी बघायला गेले. चाकांवरचं खेळणं ओढलं की येतं. पायांवरच्या खेळण्याला प्रत्येक पावलाला स्वतःला सावरावं लागतं.

खोलीभर ग्लू गनचा उग्र, गोडसर वास होता. पातळ प्लायवूडचं धड, प्रत्येक पायाला दोन सर्वो मोटरी: एक पाय उचलणारी, एक पुढे-मागे करणारी. पोटात मोटरी चालवणारा छोटा बोर्ड, अर्डुइनो उनो. अर्डुइनोची सुरुवात २००५ साली इटलीतल्या इव्रेआ गावात झाली, डिझाइन शिकणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी. ज्यांना इलेक्ट्रॉनिक्स येत नाही त्यांच्या हाती ते पडावं, हा त्यामागचा विचार मला फार मोलाचा वाटतो. बोर्ड सर्वोला दर २० मिलिसेकंदांनी एक स्पंद पाठवतो. स्पंद दीड मिलिसेकंदाचा असला की सर्वो मधोमध, म्हणजे ९० अंशांवर येऊन थांबतो.

"आधी ९०, मग स्क्रू," सर प्रत्येक बाकापाशी सांगत होते. सर्वो मध्यावर न आणता पाय जोडला, तर तो कायमचा तिरका बसतो आणि पुढचं सगळं गणित चुकतं. काही मुलांनी घाई केली. त्यांना सगळे स्क्रू पुन्हा काढावे लागले. आधी ९०.

जोडणी झाली, तारा लागल्या. सर्वोंना वीज वेगळ्या सेलमधून दिली, कारण अडलेला एकच सर्वो जवळपास अर्धा अँपिअर ओढतो आणि बोर्ड मध्येच बंद होऊन पुन्हा सुरू होतो.

माझं लक्ष मात्र सातवीतल्या एका मुलीवरून हटेना. तिने प्रोग्राममध्ये पायांचा क्रम लिहिला होता: डावा पुढचा, डावा मागचा, मग उजवा पुढचा, उजवा मागचा. डावा मागचा पाय उचलला की बैल मागे डावीकडे कलंडायचा. शेजारचा मुलगा म्हणाला, "नेटवर तयार प्रोग्राम आहे, टाकून दे ना." तिने मान हलवली आणि फरशीवर ओणवी झाली. हात लांब टाकला, त्याच बाजूचा गुडघा उचलला, आणि तीही कलंडली. पुन्हा केलं, पुन्हा कलंडली. उठली ती कोपर चोळत, पण चेहऱ्यावर काहीतरी सापडल्याची खूण होती.

पुढच्या वेळी ती मामाच्या गावाहून बैलाचा व्हिडिओ घेऊन आली. मोबाइलवर तो सावकाश चालवून दाखवत म्हणाली, "सर, बैल मागचा पाय आधी उचलते. मग त्याच बाजूचा पुढचा."

अगदी बरोबर. डावा मागचा उचलला जातो तेव्हा डावा पुढचा पाय पाऊल संपवून मागे आलेला असतो. उरलेल्या तीन खुरांचा त्रिकोण त्यामुळे मागे सरकतो आणि धडाचं वजन त्याच्या आत पडतं. तिच्या आधीच्या क्रमात पुढचा पाय नुकताच लांब पडलेला असायचा. वजन त्रिकोणाबाहेर जायचं. सावकाश चालणाऱ्या चतुष्पादासाठी हाच क्रम सर्वांत स्थिर आहे, हे मॅकघी आणि फ्रँक या संशोधकांनी १९६८ मध्ये गणिताने मांडलं. ही मुलगी तिथे कोपर चोळत पोचली होती.

तयार किट, तयार प्रोग्राम आणून तासाभरात खेळणं चालवून दाखवणारे वर्ग मीही पाहिले आहेत. तिथली मुलं टाळ्या वाजवतात आणि निघून जातात. पाय असा का पडतो, हे त्यांना कुणी विचारत नाही. मला हे त्यांच्यावर अन्याय केल्यासारखं वाटतं.

क्रम बदलला. बैल फरशीवरून डुलत, अडखळत बाकाच्या टोकापर्यंत गेला. आता तिला हलणारी मान हवी आहे. बोर्डवर त्यासाठी जागा आहे, पण नववा सर्वो म्हणजे तोंडाकडे नऊ ग्रॅम वाढणार. सेलचा डबा किती मागे न्यायचा, हे सरांनी तिलाच काढायला सांगितलं. तिने वहीत त्रिकोण काढायला घेतला.